ॲटच्या उजवीकडे कोणाचं नाव? स्वतःचं डोमेन, स्वतःचा मेल सर्व्हर

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. लोकलमध्ये उभं राहून ऐकलं तरी समजेल अशा बेताने सांगतो. आकडे आणि नावं लिहून घ्यायची धडपड करू नका, भागाच्या या लेखी रूपात सगळं आहेच.

आधी एक छोटा हिशोब करू. तुमच्या ई-मेलच्या पत्त्यावर काय काय लटकलंय? बँकेचं स्टेटमेंट, पीएफचं खातं, रेल्वेची तिकिटं, नोकरीचे अर्ज, इन्स्टाग्राम. आणि यातल्या बहुतेक ठिकाणी पासवर्ड विसरलात, तर नवा करायची लिंक कुठे येते? त्याच मेलवर. म्हणजे मेल ही घरातली किल्ल्यांची खुंटी आहे. ती दुसऱ्याच्या ताब्यात गेली, की सगळ्या किल्ल्या गेल्या.

आता पत्ता नीट बघा. ॲटच्या चिन्हाच्या डावीकडे तुमचं नाव आहे. उजवीकडे? तिथे कॉलेज, ऑफिस किंवा फुकट मेल देणारी मोठी कंपनी. उजवीकडे ज्याचं नाव, पत्ता खरा त्याचा. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने स्कॉलरशिपचे सगळे अर्ज कॉलेजच्या मेलवरून भरले होते. डिग्री झाली आणि काही महिन्यांनी नियमाप्रमाणे ते खातं बंद झालं. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण पोर्टलचा ओटीपी त्याच बंद पत्त्यावर जात राहिला आणि ही हेलपाटे घालत राहिली.

म्हणून आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे: उजवीकडचं नाव आपलं हवं. सर्व्हर आपला असो वा भाड्याचा, तो नंतरचा प्रश्न. आधी नाव.

या नावाला डोमेन म्हणतात. आपण 'डोमेन विकत घेतलं' असं म्हणतो, पण तो खरा भाडेपट्टा असतो. दरवर्षी पैसे भरायचे, किंवा जास्तीत जास्त दहा वर्षांचे एकदम भरायचे. डॉट इन या नावांची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था सांभाळते. तुम्ही मात्र रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे जाता. साध्या नावाला वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये पडतात. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल किती, ते आधी वाचा.

नाव घेतलं. आता त्या नावावर मेल पोचते कशी?

थोडा इतिहास. ॲटचं चिन्ह मेलच्या पत्त्यात आणलं रे टॉमलिन्सन यांनी, १९७१ साली. मेल पोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ची. आणि 'या डोमेनची मेल कुठल्या मशीनकडे द्यायची' हे सांगणारी एमएक्स नावाची नोंद १९८६ची. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीची ही व्यवस्था आहे, आणि ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. नियम सगळ्यांसाठी खुले आहेत. म्हणून तर तुम्ही आणि मी आपापला सर्व्हर उभा करू शकतो.

समजा तुमचं डोमेन आहे एक्झाम्पल डॉट कॉम. हे नाव मुद्दाम अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. कोणी तुम्हाला मेल पाठवली, की पाठवणाऱ्याचा सर्व्हर डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या वहीला विचारतो: एक्झाम्पल डॉट कॉमचा एमएक्स कोण? उत्तर येतं: मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. मग तो विचारतो, या मशीनचा आयपी पत्ता काय? ते सांगणारी नोंद म्हणजे ए रेकॉर्ड. आकडा मिळाला की पोर्ट २५ वर दार वाजवायचं आणि मेल द्यायची. झालं.

एमएक्सला एक क्रमांकही द्यावा लागतो, १० किंवा २० असा. इथे लहान आकड्याचा मान मोठा, म्हणजे १० वाल्याकडे आधी जायचं. आणि एमएक्समध्ये थेट आयपी पत्ता चालत नाही, मशीनचं नावच लागतं. नवखा माणूस इथे हमखास अडकतो.

आता सर्व्हर. 'घरातला जुना लॅपटॉप चालेल का?' असं मला बरेच जण विचारतात. शिकायला चालेल, पण खऱ्या मेलसाठी नको. तीन कारणं. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा पोर्ट २५ बंद असतं. एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या मशीनपर्यंत कोणी पोचूच शकत नाही. आणि घरगुती जोडणीचे आयपी पत्ते स्पॅमहाउससारख्या याद्यांमध्ये 'इथून थेट मेल येणं अपेक्षित नाही' अशा वर्गात टाकलेले असतात. म्हणून व्हीपीएस घ्यायचा, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या मशीनचा छोटा तुकडा भाड्याने. एक-दोन जीबी रॅमचा साधारण महिना चार-पाचशे रुपयांत मिळतो. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून देता का? अनेक कंपन्या स्पॅमच्या भीतीने ते आधी बंदच ठेवतात.

सर्व्हरवर दोन मुख्य प्रोग्रॅम लागतात. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो. डव्हकॉट ती पेटीत ठेवतो आणि तुमच्या फोनला दाखवतो. दोन्ही फुकट, दोन्ही खुले. हाताने एकेक बसवायचं नसेल तर मेल-इन-अ-बॉक्ससारखं तयार गाठोडं मिळतं. ते हे सगळं बसवतं आणि डीएनएसमध्ये काय लिहायचं तेही समोर मांडतं. दार कुलूपबंद राहावं म्हणून लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळतं. फोनच्या मेल ॲपमध्ये आयमॅपला ९९३ आणि पाठवायला ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट टाकायचे, की मेल वाजायला लागते.

इथवरचं काम एका रविवारचं आहे. तुमच्याकडे मेल यायला लागेल. खरी कसोटी पुढे आहे: तुम्ही पाठवलेली मेल समोरचा घेईल का?

गंमत अशी, की एसएमटीपी बनली तेव्हा सगळे एकमेकांना ओळखत होते. पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का, हे तपासायची सोयच त्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसं. पुढे स्पॅमने उच्छाद मांडला, आणि मग ओळखपत्रं आली. ती चार आहेत. चारही आकाशवाणीच्या बातम्यांसारखी सावकाश सांगतो.

पहिलं, पीटीआर. ही उलटी नोंद. नावावरून आकडा सगळेच शोधतात, इथे आकड्यावरून नाव शोधलं जातं. तुमच्या आयपी पत्त्याला विचारलं 'तू कोण?' तर त्याने 'मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम' असंच सांगितलं पाहिजे. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडणार नाही. आयपी पत्ता ज्याचा, त्या सर्व्हर कंपनीच्या पॅनेलमध्ये ती करावी लागते.

दुसरं, एसपीएफ. 'माझ्या नावाने फक्त या मशीनवरून मेल निघते, बाकी कुठून आली तर माझी नाही,' अशी डीएनएसमध्ये लावलेली जाहीर सूचना.

तिसरं, डीकिम. तुमचा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो. ती सही पडताळायची दुसरी किल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. वाटेत कोणी मजकुरात फेरफार केला, तर सही जुळत नाही.

चौथं, डीमार्क. वरच्या दोन्हींपैकी एकही तपासणी तुमच्या नावाशी जुळली नाही तर काय करायचं, हे समोरच्याला सांगणारी नोंद. काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा परत पाठवा. सुरुवातीला 'काहीच करू नका' ठेवा, रोजचे अहवाल आपल्या मेलवर मागवा, सगळं ठीक दिसलं की कडक व्हा.

ही ओळखपत्रं आता शोभेची राहिलेली नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केलेत. गुगलचंच बघा. जीमेलवर दिवसाला पाच हजारांपेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. आपल्यासारख्या चिल्लर पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिम आणि नीट पीटीआर लागतोच. तुम्ही चारही करा. स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर ती उघडून 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, तिघांपुढे 'पास' दिसलं की समजा जमलं.

तरीही मेल स्पॅममध्ये जाऊ शकते, हे आधीच सांगून ठेवतो. तुमचा आयपी पत्ता याआधी कोणी वापरला, शेजारच्या पत्त्यांवरून कोण काय पाठवतं, यावरूनही तुमची पत ठरते. चाळीत एका खोलीत जुगार चालला की अख्ख्या मजल्याचं नाव खराब होतं, तसलाच प्रकार. यावर उपाय संयमाचा: हळूहळू पाठवा, ओळखीच्यांना उत्तर द्यायला सांगा. तेही जमेना, तर बाहेर जाणारी मेल एखाद्या पैसे घेणाऱ्या रिले सेवेतून पाठवा आणि येणारी आपल्याच पेटीत ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, सर्व्हर एक रात्र बंद पडला तर मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ती रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमावलीच म्हणते, की हार मानण्याआधी चार-पाच दिवस तरी वाट बघावी.

आता कळीचा मुद्दा. मी गेल्या वर्षी माझा सर्व्हर एका कंपनीकडून दुसरीकडे हलवला. नव्या मशीनवर पेट्या उतरवल्या, डीएनएसमधली नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो टीटीएल आधीच ३०० सेकंदांवर आणला होता, आणि मग ए रेकॉर्ड, एसपीएफ, पीटीआर बदलले. आईला कळलं नाही, बँकेला कळलं नाही, कोणालाही 'माझा नवा पत्ता घ्या' म्हणावं लागलं नाही. घर बदललं, पत्ता तोच राहिला. ही सगळी किमया डोमेनची.

पण ज्या खुंटीवर सगळ्या किल्ल्या, तिची राखणही करावी लागते. चार गोष्टी पक्क्या करा.

एक, डोमेनची मुदत. ती संपली आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग तो स्वतःचा एमएक्स लावेल आणि तुमची मेल, तुमच्या पासवर्डच्या लिंक त्याच्याकडे जातील. कायद्याने नाव त्याचं असेल. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, आणि कार्ड बदललं की तिथेही बदला.

दोन, रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनची मेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर सूचना त्याच बंद पेटीत जाईल. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यासारखं आहे ते. तिथे वेगळी मेल द्या आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

तीन, बॅकअप. तो त्याच सर्व्हरवर नको. आणि महिन्यातून एकदा तो परत उघडून बघा.

चार, एकदा बँकेला दिलेलं डोमेन म्हणजे लांबचं नातं. कंटाळा आला म्हणून सोडून देता येत नाही. आधी सगळीकडचा पत्ता बदला, वर्षभर वाट बघा, मगच सोडा.

हे ऐकून कोणी म्हणेल, सर्व्हर सांभाळायला मला वेळ नाही. मग नका सांभाळू! डोमेन घ्या आणि एमएक्स एखाद्या मेल सेवेकडे वळवा. दर पटला नाही, तर उद्या एमएक्स बदलून दुसरीकडे जा. परवा हौस आली, तर तोच एमएक्स स्वतःच्या सर्व्हरकडे वळवा. शिकायची आवड असेल तर मात्र सर्व्हर एकदा तरी उभा कराच. इंटरनेट आतून कसं चालतं, हे त्याच्याइतकं कोणी शिकवत नाही.

जाता जाता एक. २०१४ पासून डॉट भारत ही डोमेनं देवनागरीत मिळतात, मराठीतसुद्धा. पोस्टफिक्सलाही असे पत्ते कळतात. म्हणजे अख्खा मेलचा पत्ता मराठीत असू शकतो! अजून पुष्कळ वेबसाइट असा पत्ता फॉर्ममध्ये घेत नाहीत, म्हणून बँकेला तो देऊ नका. पण मित्रांना द्यायला झकास आहे.

आजचा गृहपाठ: फोनवरच तुम्हाला हवं ते नाव मोकळं आहे का बघा, आणि रिन्यूअलचा भाव तपासा. कुठे अडलात तर विचारा. पुढच्या भागात बॅकअपबद्दल सविस्तर बोलू. तोवर किल्ल्या सांभाळा. भेटूच!