चॅनल तेरा आणि मावशीचा लॅपटॉप

आज माझ्या फजितीची गोष्ट. मुद्दाम सांगतोय, कारण चूक माझी होती आणि पैसे मावशीचे गेले.

मावसभावाने अमेरिकेतून येताना तिच्यासाठी लॅपटॉप आणला, मी त्यावर लिनक्स टाकून दिलं. दोन महिने सगळं झकास. मग एका सकाळी घरचं वायफाय यादीतून गायब. शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, मावशीच्या फोनवर घरचंही दिसतं, लॅपटॉपवर मात्र नाही. मावशी ऑनलाइन शिकवण्या घेते, पोरं ताटकळलेली. मी छातीठोकपणे सांगितलं, "मावशी, कार्ड गेलं गं." तिने इथल्याच दुकानातून यूएसबीचं वायफाय आणलं, ते चाललं. झालं, माझं निदान बरोबर!

आठवड्याने सहज राउटरची सेटिंग उघडली, तर चॅनल 13. राउटर 'ऑटो'वर होता. रात्री वीज गेली-आली, तेव्हा त्याने मोकळी जागा शोधली नि तिथे जाऊन बसला.

आता बघा, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात 1 ते 13 चॅनलं चालतात. अमेरिकेत 2483.5 मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा राखीव आहे. तिकडे काही सांडू नये म्हणून तिथल्या कार्डांत 12 आणि 13 सहसा बंदच असतात. (जपानात 14 पण आहे, फक्त जुन्या 802.11बी साठी.) हा देशाचा कोड कारखान्यातच कार्डावर लिहिलेला असतो, ड्रायव्हर तो वाचतो. 'आयडब्ल्यू लिस्ट' चालवलं, तर 2467 आणि 2472 समोर 'डिसेबल्ड'. म्हणजे तिथे बोलणं सोडाच, ड्रायव्हर ऐकतही नाही. म्हणून तर एररसुद्धा आला नाही.

'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' दिलं. फरक शून्य. अशा कार्डांत कार्डाचा नियम आणि आपण सांगितलेला देश, दोन्हींत बसेल तेवढंच उघडतं. बंधन वाढवता येतं, कमी करता येत नाही. चिडलो मी. पुण्यात बसून अमेरिकेचा नियम का पाळायचा? पण 5 गिगाहर्ट्झमध्ये 5600 ते 5650 वर हवामानाची रडारं असतात. तिथे ज्याने त्याने एका कमांडने कुलूप काढलं, तर पावसाच्या चित्रावर रेघा उमटायच्या. तिथे मला हे कुलूप पटतं. 13 साठी नाही पटत, खरं सांगतो. काही कार्डांत '00' हा जागतिक कोड असतो. ती 12-13 वर स्वतःहून बोलत नाहीत, पण राउटरचा आवाज कानी पडला की जोडली जातात. एवढं पुरलं असतं की!

शेवटी राउटर 11 वर पक्का केला. दोन मिनिटांत 'गेलेलं' कार्ड जिवंत. मावशीला सगळं कबूल केलं. तिने यूएसबी काढून माझ्या हातात ठेवलं.

"हे तू ने, आणि पैसे गूगल पे कर."

केले.