तंबूतला मुक्काम
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवरच बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, ते आमची मुलं घरी रोज ऐकवतात. तू म्हणे तंबू घेऊन हिंडतेस, त्यावर बोल." त्यामुळे आज सॉफ्टवेअरला सुट्टी.

मी अमेरिकेत टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराजवळ राहते. आमच्याकडचा उन्हाळा विदर्भाची आठवण करून देणारा, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा आमचा हिंडायचा हंगाम. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत तंबू, गॅसची छोटी शेगडी, कुकर, कांदे-बटाटे आणि दशम्यांचा डबा टाकायचा आणि तास-दीड तासावरचं एखादं स्टेट पार्क गाठायचं. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारनं राखलेलं जंगल, तळं किंवा डोंगर. तंबूची जागा पाच महिने आधीपासून इंटरनेटवर राखून ठेवता येते. प्रत्येक जागेला नंबर असतो. तिथं एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि जवळपास पाण्याचा नळ. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. खाण्याचं मात्र गाडीत बंद करून ठेवायचं, नाहीतर रकून नावाचा मांजराएवढा चोर येतो. आमचे बेसनाचे लाडू त्यानं डब्याचं झाकण उघडून खाल्लेले आहेत!

आमचं आवडतं ठिकाण म्हणजे बर्नेट गावाजवळचं इंक्स लेक. तळ्याकाठी गुलाबी खडक आहेत, शंभर कोटी वर्षांहून जुने. तिथून थोड्याच अंतरावर लाँगहॉर्न कॅव्हर्न ही चुनखडकातली गुहा आहे. आत एके काळी वाहणाऱ्या पाण्यानं भिंती घासून अशा गुळगुळीत केल्यात की हात फिरवावासा वाटतो. पण गुहांमध्ये हात लावायचा नसतो. आपल्या त्वचेचं तेल दगडावर बसलं, की तिथं नवा थर नीट धरत नाही.

नववी-दहावीच्या भूगोलातलं 'भूजलाचे कार्य' आठवतंय? पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडक विरघळवतं. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना वायू सोडून देतं आणि चुना मागे ठेवतं. छतावरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीवरून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. आपण हे पाठ केलं, आकृती काढली, मार्क मिळवले. सॅन अँटोनिओजवळच्या नॅचरल ब्रिज कॅव्हर्न्समध्ये मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा माझं वय पस्तीस होतं. ही गुहा १९६० साली चार कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी शोधली. जॉर्जटाउनची इनर स्पेस कॅव्हर्न तर १९६३ साली महामार्गाच्या कामासाठी भोकं पाडताना अचानक सापडली. आजही त्या रस्त्यावरून गाड्या धावतात आणि खाली गुहेत पाणी ठिबकत असतं. बाहेर चाळीस अंश असो नाहीतर थंडी, आतलं तापमान बारा महिने वीस-बावीस अंश.

आपल्याकडे अशा गुहा का नाहीत, हे मग नीट कळलं. आपला बहुतेक महाराष्ट्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळ्या बेसॉल्टचा. पाण्यात तो चुनखडकासारखा विरघळत नाही. म्हणून आपल्या अजिंठा-वेरूळच्या गुहा माणसांनी छिन्नी-हातोड्यानं खोदल्या.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. माझी पहिली मुक्कामी सहल आम्ही चौघी मैत्रिणींनी मुलांना घेऊन केली. दोन गाड्या, पाच मुलं, बरोबर एकही पुरुष नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जंगलात? रात्री? एकट्या?" त्या रात्री दोन वाजता मला जाग आली. टॉर्च घेऊन मी तंबूतून निघाले आणि शंभर-दीडशे पावलांवरच्या स्वच्छतागृहापर्यंत एकटी चालत गेले. तिथं दिवा होता, पाणी होतं, दाराला आतून कडी होती. परत येऊन झोपले. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. मला त्या 'काहीच न घडण्याचं' फार अप्रूप वाटलं.

तेव्हा आपल्या भूगोलाच्या बाई आठवल्या. मुलांची मुक्कामी सहल जायची, आपली मात्र सकाळी निघून संध्याकाळी परत. आम्ही मुली रुसून बाईंकडे गेलो होतो. बाई म्हणाल्या होत्या, "जिथं तुमच्या आंघोळीची आणि संडासची सोय नाही, तिथं मी तुम्हाला नेणार नाही. सोय झाली की सगळ्यांत आधी मीच नेईन." बाई, तुमचं बरोबर होतं. मैत्रिणी मला 'धाडसी' म्हणतात, पण त्या रात्री मी धाडस केलं नव्हतं. कुणीतरी आधीच सोय करून ठेवली होती, मी फक्त ती वापरली.

ती कुणी केली, तेही सांगते. १९३०च्या दशकातल्या महामंदीत बेकार तरुणांसाठी सरकारनं 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' नावाची योजना काढली. १९३३ ते १९४२ अशी ती चालली. महिना तीस डॉलर मजुरी, त्यातले पंचवीसच्या आसपास घरी जायचे. या पोरांनी लाँगहॉर्नच्या गुहेतला गाळ उपसला, वाटा बांधल्या, दिवे लावले, इंक्स लेककडे जाणारा रस्ता केला. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी ७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्या रस्त्यांवरून आणि तलावांवर आपण वाढलो. आधीची पिढी असं काही बांधून ठेवते, म्हणून पुढची हिंडू शकते.

म्हणून माझं एक मागणं आहे. बॅचतर्फे शाळेला भेट द्यायची चर्चा सुरू आहे. भिंतीवरच्या घड्याळाऐवजी आपण मुलींची मुक्कामी सहल देऊ या. पहिला मुक्काम शाळेच्याच मैदानावर. त्यासाठी मुलींच्या स्वच्छतागृहाला चोवीस तास पाणी, दिवा आणि आतून लागणारी भक्कम कडी. दहा तंबू माझ्याकडून. पुढच्या वर्षी निघोजचे रांजणखळगे, त्याच्या पुढच्या वर्षी लोणार. जमलं तर कधीतरी आंध्रातली बोरा गुहा, म्हणजे लवणस्तंभ पाहायला त्यांना पस्तिशीपर्यंत थांबावं लागणार नाही. मुक्कामाची जागा आपल्यापैकी दोघी-तिघींनी आधी जाऊन पाहायची आणि तिथल्या कड्या स्वतः लावून बघायच्या. त्या यादीत माझं नाव पहिलं लिहा.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. सोय आम्ही करतो. तुम्ही मात्र चलायचं.