मूठभर धान्य

मंडळी,

दिवसभराचं काम आटोपून तुम्ही या निगडीच्या वर्गाला येता. कुणी तळवड्याचे, कुणी चाकणकडचे, तर कुणी पोटासाठी लांबच्या गावाहून आलेले. आज मी नवा धडा घेणार नाही. शाळेविषयी चार शब्द बोलणार आहे.

पुष्कळ लोक म्हणतात, "शाळा सरकारची, पैसा सरकारचा. आपण त्यात काय करायचं?" त्यांना मी एक गोष्ट सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ते स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात गरीब मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. एकदा मुलांच्या जेवणाची अडचण आली. घरात पैसा नव्हता. तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिलं.

पण एका घराच्या त्यागावर किती दिवस चालणार? म्हणून घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा होऊ लागलं. त्याला मुष्टिफंड म्हणत. एक मूठ ज्वारी म्हणजे ती किती? पण शंभर घरांच्या शंभर मुठी झाल्या, की पोरांची भाकरी होते. आणि जिनं मूठ दिली ती बाई विचारणारच, "पोरं नीट शिकतात ना?" मूठ दिली, की शाळा आपली होते.

आज शाळेला सरकार पैसा देतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनाही समाजाच्या कामासाठी पैसा काढावा लागतो. नफ्याच्या दर शंभर रुपयांतले निदान दोन रुपये. आपल्या भागात कारखाने पुष्कळ. त्यामुळे त्यातला काही पैसा शाळांकडेही येतो. मग अडतं कुठे? ते सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल.

मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेला पाच संगणक देणगी मिळाले. हारतुरे झाले, फोटो निघाले. पण शिकवणार कोण, विजेचं बिल भरणार कोण, हे कुणी ठरवलं नाही. संगणक खोलीत पडून राहिले. खोलीला कुलूप लागलं. वर्षअखेर मी ठराव लिहिला, 'मुले रोज संगणक शिकतात.' पालकांनी खाली अंगठे उठवले. मी तो वाचून दाखवला नव्हता.

काही दिवसांनी एका मुलीची आई आली. म्हणाली, "गुरुजी, त्या दिवशी मी कशावर अंगठा दिला?"

माझी मान खाली गेली.

पुढच्या बैठकीत मी तो ठराव मोठ्यानं वाचला आणि चूक कबूल केली. लोक रागावले. रागावणारच. पण त्याच बैठकीत विजेच्या बिलाची वर्गणी ठरली. गावातल्या एका शिकलेल्या पोरानं शनिवारी शिकवायचं कबूल केलं. पाचांतले तीन संगणक सुरू झाले. दोन बिघडले ते बिघडलेच.

मंडळी, शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यानं सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यातले चारांपैकी निदान तीन सभासद पालक असतात. निम्म्या जागा बायकांच्या. शाळेच्या विकासाचा आराखडा करणं आणि आलेला पैसा कुठे खर्च झाला ते पाहणं, हे या समितीचं काम आहे. म्हणजे ते तुमचंच काम आहे.

पैसा असेल त्यानं पैसा द्यावा. नसेल त्यानं एक दिवस श्रमदान करावं. सुताराने मोडका बाक दुरुस्त करावा, माळ्यानं चार रोपं लावावीत. तेही जमलं नाही, तर बैठकीला तरी जावं. ठराव पुढे आला, की म्हणावं, "थांबा गुरुजी, आधी वाचू द्या." वाचून पटलं, तरच सही करावी.

आता तुम्हांला वाचता येतं. शाळेसाठी तुमची मूठ ती हीच.