स्वस्त दवाखान्याचं बक्षीस कुणाला?

 

आज दवाखान्याच्या खर्चाबद्दल बोलायचं आहे. त्याचं रडगाणं तुम्ही-आम्ही रोजच गातो, म्हणून आज ते नको. आजचा विषय जरा उलटा आहे. पेशंटनं महागडा दवाखाना सोडून स्वस्तातला निवडला, तर पेशंटलाच पैसे द्यायचे, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "दवाखान्यात जायचं आणि वर पैसे घेऊन यायचं? पत्ता सांगा, उद्याच निघते."

पत्ता लांबचा आहे, अमेरिकेचा. तिथं बऱ्याच लोकांचा आरोग्य विमा नोकरीतून मिळतो. उपचाराचा मोठा भाग कंपनी भरते, त्यामुळे कुठल्या दवाखान्यात किती बिल झालं याकडे पेशंटचं फारसं लक्ष नसतं. आणि दरात फरक तर इतका, की एकाच शहरात तोच एमआरआय एका ठिकाणी दुसऱ्यापेक्षा कितीतरी पट महाग. मग काही कंपन्यांनी ठरवलं, की आमचा माणूस स्वस्त ठिकाणी गेला तर आमचे पैसे वाचतात, त्यातले थोडे त्यालाच देऊ. २५ डॉलरपासून ५०० डॉलरपर्यंत बक्षीस ठेवलं. अशा २९ कंपन्यांमधल्या जवळपास पावणेतीन लाख लोकांचा अभ्यास २०१९ साली छापून आला. ज्या तपासण्यांवर आणि उपचारांवर बक्षीस होतं, त्यांचा दर सरासरी २.१ टक्के उतरला. म्हणजे शंभर रुपयांमागे दोन रुपये. एवढा खटाटोप करून दोन रुपये, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हणालो.

पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त कामाची वाटली. हा फरक पडला तो मुख्यतः एमआरआय, सोनोग्राफी अशा तपासण्यांत. ऑपरेशनच्या बाबतीत लोक बक्षिसासाठी हलले नाहीत. आमच्या मते यात नवल काही नाही. सोनोग्राफी चांगल्या मशीनवर, शिकलेल्या माणसानं केली, की इथली काय आणि तिथली काय. पोटावर सुरी चालवायची म्हटलं की माणूस हात बघतो, दर बघत नाही.

त्याच देशात, कॅलिफोर्नियात, सरकारी नोकरांच्या पेन्शन संस्थेनं २०११ मध्ये दुसरी वाट धरली. गुडघा किंवा खुबा बदलायच्या ऑपरेशनला हॉस्पिटलचे आम्ही ३० हजार डॉलरपर्यंतच देऊ, वरचे ज्याचे त्यानं भरायचे. पण नुसतं हात झटकून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. तेवढ्या पैशात चांगलं काम करणारी हॉस्पिटलं पाहून त्यांची यादी लोकांच्या हातात दिली. लोक यादीतल्या हॉस्पिटलांकडे वळले, आणि महागड्या हॉस्पिटलांनी आपले दर जवळपास एक तृतीयांशानं खाली आणले. दर कमी करता येत होते, एवढं तर यातून कळलं.

आता आपल्याकडे या. बक्षीस आपल्याकडेही आहे बरं का. फक्त ते पेशंटला मिळत नाही. ज्यानं पेशंट पाठवला, त्याला मिळतं. त्याला आपण 'कट' म्हणतो. चिठ्ठीवर लॅबचं नाव लिहून दिलं, की लॅबकडून पाकीट. अमुक हॉस्पिटलात पेशंट पोचवला, की बिलातला वाटा. सगळे डॉक्टर असे नाहीत, चिठ्ठीवर "कुठंही करा" असं लिहिणारे डॉक्टरही आमच्या माहितीत आहेत. पण पद्धत आहे, आणि ती चोरूनच चालते, कारण डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंट पाठवण्यासाठी कमिशन घेणं-देणं मना आहे. महाराष्ट्रात २०१७ साली याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. कटाचा हिशेब बघा कसा असतो. बिल जितकं मोठं, तितका वाटा मोठा. म्हणजे अमेरिकेत स्वस्ताकडे जाणाऱ्याला बक्षीस, आणि इथं महागाकडे नेणाऱ्याला. आणि ते पैसे शेवटी कुणाच्या पिशवीतून जातात? गटाच्या कर्जातून.

२०१७-१८ मध्ये केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली होती. खेड्यातला माणूस एकदा सरकारी दवाखान्यात भरती झाला तर सरासरी खर्च ४,२९० रुपये, आणि खासगीत २७,३४७ रुपये. यात बाळंतपणं धरलेली नाहीत. सहापटीहून जास्त फरक. दोन्हीकडचे आजार अगदी सारखे नसतील हे मान्य, पण आमच्या कर्जाच्या वहीतही असंच दिसतं.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही गटात एक ठराव केला. आमचं कर्ज महिना शेकडा दोननं असतं. ठरलं असं, की आजारपणासाठी कर्ज घेणारी बाई ठराविक गोष्टींसाठी आधी सरकारी दवाखान्यात गेली, किंवा दोन ठिकाणचे दर विचारून कमी दराच्या ठिकाणी गेली, तर तिला शेकडा एक. बक्षीस एवढंच, अर्धं व्याज. त्याबरोबर एक वही ठेवली. कुठं गेलो, कशासाठी, किती घेतले, पावती दिली का, कसं वागवलं. पहिल्या चार महिन्यांतच दिसलं, की त्याच रक्ततपासणीला एका लॅबनं दीडशे घेतले आणि दुसरीनं साडेतीनशे. दोन्ही लॅब एकाच रस्त्यावर.

ठराव काही सहज झाला नाही. आमच्यातल्या एका आजींनी सरळ विरोध केला. म्हणाल्या, "गरिबानं सरकारीत जायचं, पैसेवाल्यानं खासगीत. आणि गरिबाच्या हातात चार पैसे ठेवून त्याला गप्प बसवायचं. हे बक्षीस म्हणजे तोंडात बोळा आहे." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग दोन गोष्टी ठरावात वाढवल्या. एक, सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईला काय मिळालं नाही तेही वहीत लिहायचं, आणि ती पानं गावच्या आरोग्य समितीपुढे ठेवायची. आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी आठवड्यात ठरल्या दिवशीच होते, आणि पूर्वी ते कुणालाच माहीत नसायचं. बायका जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. वहीतल्या अशा नोंदी समितीपुढे गेल्यावर दाराशी वाराची पाटी लागली. सोनोग्राफीचा दिवस वाढवून मात्र अजून मिळालेला नाही. ते भांडण चालू आहे.

दुसरी गोष्ट, बक्षीस कशाला नाही हे आधी लिहून ठेवलं. अंगावरून जास्त रक्त जाणं, बाळंतपणातली अडचण, छातीत दुखणं, साप चावणं, लेकराला झटके, यात व्याजाचा हिशेब करायचा नाही. १०८ ला फोन करायचा, जवळ जे असेल तिथं जायचं, व्याज आपोआप शेकडा एक. घाईच्या वेळी दोन ठिकाणी दर विचारत फिरणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. बक्षीस चालतं ते दोन्हीकडे माल सारखा असतो आणि हातात वेळ असतो तिथंच. तपासण्या, गोळ्या, मोतीबिंदू, ठरवून करायची ऑपरेशनं.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त, हेही नीट मोजायला लागतं. बिल शून्य, पण जायला यायला दिवस मोडला, खुरपणीचा रोज बुडाला, बरोबर आलेल्या माणसाचाही बुडाला, वर चहा-वडापाव. एसटीला मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढी सोय. वहीत आम्ही हे सगळं धरतो. दोनदा असं निघालं, की गावाजवळची खासगी लॅबच स्वस्त पडली. मग तिलाही अर्धं व्याज. सरकारीची जाहिरात करायला गट काढलेला नाही.

पेशंटला पैसे देण्याची पद्धत सरकारलाही नवी नाही. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या खेड्यातल्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. देशभर दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, त्यात या पैशांचा हात आहे असं अभ्यास सांगतात. पण त्या पैशांमुळे आयांचे मृत्यू किती घटले, ते अभ्यासकांना तितकं स्पष्ट दाखवता आलं नाही. पैसे बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणतात. आत रक्त आहे का, भूल देणारा डॉक्टर आहे का, हे पैशांनी ठरत नाही. आजींच्या बोलण्यातही तेच होतं.

आता सगळ्यात अवघड विषय. गर्भपिशवीचा. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, की "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळतो, तिशीतल्या बाईलाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांबद्दल सरकारनं समिती नेमली होती. ८२ हजारांहून जास्त बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कुणाला खरंच गरज असेलही. पण एवढ्या सगळ्यांना? इथं स्वस्त ऑपरेशन कुठं होतं हा प्रश्नच नव्हे. ऑपरेशन लागणार आहे का, हा प्रश्न आहे. म्हणून यासाठी आम्ही व्याजाची सूट ठेवली नाही. त्याऐवजी, पिशवी काढायला सांगितलेली कुणीही बाई जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला जाईल, तर तिचं आणि बरोबरच्या एकीचं भाडं गट देतो आणि एका दिवसाचा रोजही देतो. परत द्यायचा नाही. आतापर्यंत चौघी गेल्या. एकीला ऑपरेशनच लागणार होतं, ते तिथंच झालं. दोघींना गोळ्यांवर ठेवलं, त्यांची तपासणी चालू आहे. चौथीनं घरच्यांचं ऐकून आधी दाखवलं तिथंच पिशवी काढली. तो तिचा निर्णय, तिलाही कर्ज मिळालं. तिच्याशी कुणी वाकडं बोलायचं नाही, हेही बैठकीत ठरलं.

तुमच्या गटाला असं काही करायचं असेल तर आधी या गोष्टी माहीत करून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार फुकट आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट, हा २०११ पासूनचा नियम. गरोदर बाईसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा, त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून खास तपासणी असते. खासगी नर्सिंग होमला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. दिसलं नाही तर "दरपत्रक कुठंय हो डॉक्टरसाहेब?" असं विचारा. नम्रपणे, पण मोठ्यानं. आमच्याच दुकानातून औषध घ्या, आमच्याच लॅबला तपासा, अशी सक्ती कुणाला करता येत नाही, तेही सनदेत आहे. मोठं ऑपरेशन असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा.

आणि गोळ्या. साखरेच्या, बीपीच्या गोळ्या जन्मभराच्या असतात, म्हणून तिथला फरक वर्षाला फार मोठा होतो. पाकिटावर कंपनीनं दिलेलं नाव असतं, आणि त्याबरोबर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, असं. ते औषधाचं नाव आणि आकडा जुळला, की जनऔषधी दुकानातली गोळी तीच. डॉक्टरांना दाखवून बदला, मनानं बदलू नका. नातीला वाचायला सांगा, तिचे डोळे चांगले असतात.

आमच्या वहीचं एक पान या अंकात रकान्यांसकट छापलं आहे, तसंच आखून घ्या. नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक घालायचा. बाईचा आजार गावभर व्हायला नको, आणि यावरूनच आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला होता. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूच्या नोंदी घेऊन येतो. त्यात एक हिशेब असा आहे, की आमच्या खजिनदारबाईंनाही तो अजून सुटलेला नाही.