पडद्यावरचा खेळ आणि हरण्याची किंमत



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण मनाशी म्हणतील, 'प्राध्यापक मंडळींना आता दुसरा उद्योग उरला नाही वाटतं!' गेल्या काही महिन्यांत मी जे व्हिडिओ गेम खेळलो, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. काही टी.व्ही.ला जोडलेल्या कन्सोलवर खेळलो, काही हातातल्या फोनवर. मुलांनी गेम खेळू नयेत, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण ज्या गोष्टीविरुद्ध इतके बोललो, ती स्वतः कधी करून पाहिली नव्हती. आंबा न चाखताच त्याला आंबट म्हणावे, तसा हा प्रकार. तेव्हा म्हटले, एकदा चाखून तर पाहू.

निमित्त झाले दिवाळीचे. माझा बारा वर्षांचा भाचा सुटीत आला, तो आपला कन्सोल घेऊनच. त्याने कंट्रोलर माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "मामा, हा खेळून बघा. सोपा नाही हं!"

त्या खेळाचे नाव 'सेलेस्ट'. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या कॅनडात काम करणाऱ्या जोडीने त्याचा पहिला कच्चा नमुना अवघ्या चार दिवसांत तयार केला होता. पुढे आणखी काही सोबती घेऊन त्यांनी त्याचा मोठा खेळ केला. गोष्ट साधी आहे. मॅडलीन नावाची एक मुलगी डोंगर चढायला निघते. का निघते, ते तिचे तिलाही धड सांगता येत नाही. तिला मधूनच धास्ती वाटते, श्वास कोंडतो. वाटेत आरशातून तिचीच दुसरी प्रतिमा बाहेर पडते आणि तिला मागे खेचू पाहते. खेळणाऱ्याच्या हाती गोष्टी तीनच. उडी मारणे, भिंतीला धरून चढणे आणि हवेत असताना एकदा झेप घेणे. ही झेप एकदा वापरली, की साधारणपणे पाय जमिनीला टेकेपर्यंत दुसरी मिळत नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी एका ठिकाणी अडकलो. खाली काटे, वर अरुंद कडा, मध्ये मोकळी जागा. उडी मारली, मेलो. पुन्हा मारली, पुन्हा मेलो. भाचा शेजारी बसून मोजत होता. खेळ स्वतःही मोजतच असतो. एक्केचाळिसाव्या वेळी मी कड्यावर पोचलो आणि आमच्या घरात असा आरडाओरडा झाला, की शेजारच्या काकू काय झाले ते विचारायला आल्या.

आता 'मेलो' हा शब्द आपल्याला नवा नाही. लहानपणी हुतूतूत आपण दिवसातून दहादा मरत होतो. दम सुटला, मेला. पकडला गेला, मेला. मेलेला गडी रेघेबाहेर जाऊन बसे आणि आपल्या गड्याने समोरचा एखादा मारला, की जिवंत होऊन परत आत येई. मरणाला लाज नव्हती. 'सेलेस्ट'मध्येही तसेच आहे, फक्त बाहेर बसावे लागत नाही. पडलात, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तुम्ही त्याच जागी पुन्हा उभे. गुण कापले जात नाहीत, पैसे जात नाहीत, कोणी रागावत नाही. जाते ती चार-पाच सेकंदांची मेहनत.

याचा माझ्यावर काय परिणाम झाला, ते सांगतो. विसाव्या वेळेनंतर माझ्या ध्यानात आले, की मी तीच चूक करत नव्हतो. आधी उडी लवकर मारत होतो, मग उशिरा मारू लागलो. ते सुधारले, तर झेप तिरकी जाऊ लागली. चूक पुढे सरकत होती, याचा अर्थ मीही पुढे सरकत होतो.

आणखी एक सोय या खेळात आहे. ज्याला फारच कठीण जाते, त्याने खेळाचा वेग कमी करावा, झेपा वाढवून घ्याव्यात, वाटल्यास मरणच बंद करून टाकावे. मला लगेच आपला 'कच्चा लिंबू' आठवला. लपंडावात धाकट्या भावंडाला आपण घेत होतो, पण त्याच्यावर राज्य येऊ देत नव्हतो. तो खेळात असे, धावे, हसे आणि पुढच्या वर्षी आपोआप पक्का होई. मीही एका कठीण जागी कच्चा लिंबू झालो. भाच्याने नाक मुरडले नाही. "चालतं हो मामा," म्हणाला.

भाचा परत गेला, कन्सोल गेला. हातात उरला फोन. मग मी फोनवरचा एक फुकट खेळ घेतला. सारख्या रंगाचे तुकडे एका ओळीत जुळवायचे, असा हा खेळ. असे खेळ पुष्कळ आहेत, म्हणून नाव सांगत नाही. पहिले पंधरा-वीस टप्पे लोण्यासारखे गेले. दर टप्प्याला रंगांची उधळण, वाजंत्री, शाबासकी. मग एके रात्री अडलो. दोनच तुकडे राहिले होते आणि चाली संपल्या. पडद्यावर विचारणा झाली, आणखी पाच चाली हव्यात का? हव्या असल्या तर नाणी द्या. नाणी नसली तर विकत घ्या. विकत नको असतील तर एक जाहिरात पाहा. तेही नको असेल तर थांबा, एवढ्या मिनिटांनी नवा 'जीव' मिळेल.

मी 89 रुपये दिले. वाढीव पाच चालींतही हरलो. रात्रीचा एक वाजला होता आणि सकाळी सौभाग्यवतींना हे सांगायचे धाडस मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला. दोन्ही ठिकाणी मी हरलोच होतो. कन्सोलवर तर कितीतरी अधिक वेळा हरलो होतो. मग एकीकडची हार गोड का लागली आणि दुसरीकडची कडू का? कारण एवढेच, की पहिल्या खेळात हार ही शिकण्याची जागा होती, तर दुसऱ्यात ती दुकानाचे दार होती. पहिल्याचे पैसे एकदाच, आधी दिलेले असतात. तुम्ही किती वेळा पडता याच्याशी बनवणाऱ्याच्या कमाईचा संबंध नसतो. दुसरा फुकट मिळतो, म्हणून त्याला तुमच्या अडण्यावरच पोट भरावे लागते. रुपयांची आधी नाणी करून ठेवतात तीही याच हिशेबाने. नाणे खर्चताना रुपया गेल्यासारखे वाटत नाही.

ही युक्ती नवी नाही. 1978 साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 1980 साली 'पॅकमॅन' हे खेळ निघाले, ते नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर. तीन जीव संपले, की पुन्हा नाणे. माझ्या लहानपणी तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडजवळ असे एक पार्लर होते. रुपयाला एक टोकन मिळे आणि ते दोन मिनिटांत संपे. पुढे घरगुती कन्सोल लोकप्रिय झाले. 1985 साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला, आणि असा खेळ एकदाच विकत घेऊन हवा तितका खेळता येत असे. आज फुकटच्या फोन-खेळाने ते जुने नाण्याचे यंत्र पुन्हा आपल्या खिशात आणून ठेवले आहे. फरक इतकाच, की पार्लर रात्री बंद होत असे.

यात सगळा दोष फोनच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. 2014 साली लंडनच्या एका संस्थेने काढलेला 'मॉन्युमेंट व्हॅली' हा खेळ मी फोनवरच खेळलो. अशक्य वाटणारे जिने आणि मनोरे फिरवून एका छोट्या राजकन्येला वाट करून द्यायची असते. दहा प्रकरणांत गोष्ट संपते आणि खेळही संपतो. आपल्या पुण्यातल्या तरुणांनी 2020 साली 'राजी' नावाचा कन्सोलवरचा खेळ जगापुढे आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या बहिणीची ती कथा आहे आणि तीत दुर्गा व विष्णू बोलतात. उलट कन्सोलवरच्या काही महागड्या खेळांतही आता दुकाने उघडली आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 साली बंदीचा कायदा केला, तो वेगळा विषय. मी सांगितला तो खेळ जुगार नव्हे. म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष आपणच ठेवायला हवे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. हे सगळे पाहिल्यावर मला माझाच वर्ग आठवला. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या एका मुलाला मी चाचणीत शंभरापैकी अकरा गुण दिले. पेपरावर लाल शाईने रेघ ओढली आणि तो वर्गासमोर परत केला. मुलगा खेड्यातून रोज सायकलने येत असे. त्या दिवसानंतर तो आला नाही. मीही चौकशी केली नाही. वाटले, झेपले नसेल. माझे गुण चुकीचे नव्हते. पण त्याच्या एका हारेची किंमत मी किती ठेवली होती? पुन्हा उभे राहण्याची जागा मी त्याला दाखवलीच नाही. शेजारी बसून मोजणारा भाचा त्याला मिळाला नाही.

या वर्षी मी एक लहानसा बदल केला आहे. चाचणीचे पेपर देतो, पण त्यावर आधी गुण लिहीत नाही. फक्त चूक कुठे आहे, तिथे खूण करतो. आठ दिवसांत मुलांनी तेच उत्तर पुन्हा लिहायचे, मग गुण. काम वाढते, हे खरे. पण दुसऱ्या वेळच्या उत्तरात चूक पुढे सरकलेली दिसते, तेव्हा त्या कड्यावर पोचल्याचा आनंद मला पुन्हा होतो.

आणि आईवडिलांनो, मूल गेम खेळत असेल, तर एकदम फोन हिसकावू नका. दहा मिनिटे शेजारी बसा आणि तीन गोष्टी बघा. हरल्यावर खेळ काय मागतो, मेहनत की पैसे? खेळाला शेवट आहे की नाही? आणि आता थांबायचे हे ठरवतो कोण, मूल की खेळ? चौथीही एक आहे, पण ती बघायची नाही, करायची आहे. कंट्रोलर हातात घ्या आणि मुलादेखत हरून दाखवा. मोठी माणसेही पडतात आणि हसत पुन्हा उठतात, हे त्याला घरीच दिसू द्या.