लेक नौदलात गेली, तेव्हा घरच्यांनी काय करायचं? घोटीच्या एका आईशी गप्पा

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी घोटीची. इगतपुरी तालुका, नाशिक जिल्हा. मुंबईहून नाशिकला जाताना तुम्ही आमच्या गावावरून जाता, बरेच जण इथला तांदूळही नेतात. माझी मोठी मुलगी नौदलात अग्निवीर आहे. आम्ही तिला ताई म्हणतो, तर इथेही ताईच म्हणते. नाव नको. का नको, ते पुढे येईलच.

मला सांगितलं होतं की ट्रेनिंगच्या काळात आईवडिलांनी काय करायचं त्यावर बोला. खरं सांगू का, करण्यासारखं फार काही नसतं. मूल तिकडे ओडिशात, आपण इकडे. पण जे थोडं असतं ते अवघड असतं. म्हणून म्हटलं, बोलू.

आधी सहीचं सांगते. भरती होताना मूल अठरा वर्षांचं नसेल, तर नावनोंदणीच्या कागदावर पालकाची सही लागते. अग्निवीरची वयोमर्यादा साडेसतरापासून सुरू होते, त्यामुळे बारावी झाल्या झाल्या गेलेली बरीच मुलं या सहीवाल्या वयातच असतात. ताई सतरा वर्षं आठ महिन्यांची होती. तिच्या पप्पांनी सही केली ती ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी. त्याच आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये गेल्याची बातमी टीव्हीवर दिवसभर चालू होती. हे काही बोलले नाहीत. पेन हातात घेऊन बसले, तीनदा कागद वाचला आणि सही केली. त्या कागदात एक गोष्ट स्पष्ट असते, ती पालकांनी वाचावीच. आपल्या मर्जीने चार वर्षांच्या आत सोडून येता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल आणि वरच्या अधिकाऱ्यांनी मान्य केलं तरच. म्हणजे 'नाही जमलं तर ये परत' असं आपण लेकराला म्हणतो ना, ते तितकं सोपं नसतं. सही करण्याआधी म्हणा, नंतर नको.

दुसरं, बॅनर. आमच्याकडे निवड यादीत नाव आलं की चौकात फ्लेक्स लागतो. पुढारी, मित्रमंडळ, सगळ्यांचे फोटो, मधे मुलाचा. आम्ही लावू दिला नाही, त्यावरून भाऊबंदकीत नाराजीही झाली. पण कारण होतं. यादीत नाव आलं तरी शेवटची वैद्यकीय तपासणी चिल्काला पोचल्यावर होते. तिथे काही निघालं तर मूल परत येतं. अपील करता येतं, त्याला मुदत असते, पण तोवर घरीच. आमच्या ओळखीतला एक मुलगा असा आठ दिवसांत परत आला. चौकात त्याचा फ्लेक्स अजून लटकत होता. तो पोरगा महिनाभर त्या रस्त्याने गेला नाही, मागच्या गल्लीने जायचा. चूक त्याची नव्हती, कानात काहीतरी होतं म्हणे.

तर आयएनएस चिल्का. नाव जहाजाचं वाटतं, पण ती जमिनीवरचीच संस्था आहे, नौदलाच्या तळांनाही 'आयएनएस' लावतात. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आहे, १९८० पासून. नौदलाच्या अग्निवीरांचं सुरुवातीचं ट्रेनिंग तिथे होतं, सोळा आठवडे. आम्ही कल्याणला जाऊन कोणार्क एक्स्प्रेस पकडली. सोलापूर, हैदराबादकडून, मग विशाखापट्टणम, मग बालुगाव. दीड दिवसाचा प्रवास. तिचे पप्पा आणि मामा गेले सोबत. मी गेले नाही, भात सोंगणीचे दिवस होते आणि सासूबाई घरी.

मुलींचं थोडं वेगळं सांगते, कारण मला तेच जास्त विचारतात. नौदलात महिला अधिकारी १९९२ पासून आहेत. पण खलाशी म्हणून मुली घ्यायला लागले ते अग्निवीरपासून. अग्निपथ योजना जाहीर झाली १४ जून २०२२ ला, आणि पहिली तुकडी चिल्काहून बाहेर पडली २८ मार्च २०२३ ला. सुमारे २,६०० जण होते, त्यात २७० हून जास्त मुली. ती परेड सूर्यास्तानंतर झाली होती, आपल्या सैन्यदलांत असं पहिल्यांदाच. ताईने तो व्हिडिओ बारावीच्या परीक्षेनंतर इतक्यांदा बघितला की धाकट्याला त्यातल्या आज्ञा पाठ झाल्या.

पळण्याची तयारी तिने इथेच केली. मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत, मुलांना साडेसहा. पहाटे सिन्नर रस्त्याला पळणारी पोरं तुम्ही बघितली असतील, त्यांच्यात ही एकटी मुलगी. तिचे पप्पा मोटारसायकल घेऊन मागे. पळणं जमलं. आम्हाला धाकधूक होती ती पोहण्याची. बघा, आमचा तालुका धरणांचा. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा. पाऊस तर विचारू नका. आणि तरी आमच्याकडे पोरींना पाण्याबद्दल एकच गोष्ट शिकवलेली असते, 'तिकडे जाऊ नको'. नौदलात पोहणं शिकावंच लागतं. चिल्काला तिने पहिल्यांदा पोहण्याच्या तलावात पाय टाकला, सतरा वर्षांची असताना. तुमची मुलगी आठवी-नववीत असेल आणि मनात नौदल असेल, तर क्लास नंतर लावा, आधी पोहायला घाला. नाशिकला तरणतलाव आहेत.

आता फोन. हा सगळ्यात मोठा विषय.

ट्रेनिंगमध्ये मोबाइल आपल्या मनाने वापरता येत नाही. कधी मिळेल, किती वेळ, हे तिकडून ठरतं. आमच्याकडे बहुतेक रविवारी यायचा, तोही दरवेळी नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी घरात किती भांडणं! आजीला बोलायचं, धाकट्याला बोलायचं, पप्पा आंघोळीला गेलेले. मग मी नियम केला. आधी ती बोलणार. आपण नंतर.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो रडतच. 'मम्मी, मला इथे नाही राहायचं.' माझ्या हातातली परात खाली गेली. तोंडावर दोन वाक्यं आली होती, दोन्ही मी गिळली. एक, 'ये बाई घरी'. ते आपल्या हातात नाही, हे सहीचं सांगितलंच. दुसरं, 'लोक काय म्हणतील'. ते तर त्याहून वाईट. मी विचारलं, जेवलीस का? झोप होते का? कुठे दुखतंय का? तर निघालं की नडगी दुखतेय, दहा दिवस झाले, आणि ती कोणाला सांगत नव्हती. का, तर आजारी पडलं की मागच्या तुकडीत ढकलतात, अशी पोरांमध्ये धास्ती. ही धास्ती अगदी खोटी नाही. जास्त दिवस ट्रेनिंग बुडलं तर पुढच्या तुकडीबरोबर करावं लागू शकतं. पण नडगीच्या हाडाला बारीक चीर जात असेल आणि मूल त्यावर रोज पळत असेल, तर आठ दिवसांची विश्रांती दोन महिन्यांवर जाते. मी म्हटलं, उद्या सकाळी सिक बेमध्ये जा, दाखव, आणि पुढच्या वेळी मला डॉक्टर काय म्हणाले ते सांग. रडण्याबद्दल एक शब्द नाही बोलले. तिचे पप्पा बाजूला उभे राहून म्हणत होते, 'सहन करायला शिकलं पाहिजे.' त्यांना नंतर सांगितलं, तुम्ही काय सहन केलंय ते मला माहीत आहे, साधं दात दुखला तर घर डोक्यावर घेता.

सहा दिवस तिला पळू दिलं नाही. मग बरं वाटलं. तुकडी काही बदलली नाही.

आणि जानेवारीत सासूबाई पडल्या. ओट्यावरून. खुब्याचं हाड मोडलं, नाशिकला ऑपरेशन. ताईचा दहावा आठवडा चालू होता. घरात एकच सूर, 'तिला कळू देऊ नका'. नणंद, दीर, माझी आई, सगळे. लेकरू तिकडे एकटं, उगाच टेन्शन, ट्रेनिंग बिघडेल. बरोबर वाटतं ना ऐकायला? आजीचा आणि तिचा जीव किती ते घरात सगळ्यांना माहीत.

मी म्हटलं, सांगायचं. माझं म्हणणं असं होतं, की तिच्याकडे आपल्याकडून आठवड्याला एकच गोष्ट जाते, 'इकडे सगळं ठीक आहे'. त्यावर ती सात दिवस काढते. आज आपण आजी रुग्णालयात असताना 'ठीक आहे' म्हटलं आणि दोन महिन्यांनी तिला कळलं, तर त्यानंतर ती आपल्या एकाही 'ठीक आहे'वर विश्वास ठेवणार नाही. आणि पुढे तर ती जहाजावर असणार, आठवडे आठवडे फोनच नाही. तेव्हा दर वेळी तिच्या डोक्यात किडा, घरी काय लपवताहेत? आणि उलटंही आहे. आपण लपवलं की तीही लपवणार. नडगी दुखतेय हे मला परत कधी कळलं असतं?

पण कसं सांगायचं तेही महत्त्वाचं. ऑपरेशन गुरुवारी झालं. तोवर आमचं आम्हालाच काही माहीत नव्हतं. रविवारी फोन आला तेव्हा सांगायला पूर्ण गोष्ट होती. आजी सोमवारी पडली, हाड मोडलं होतं, गुरुवारी ऑपरेशन झालं, काल वॉकर धरून चार पावलं चालली, डॉक्टर म्हणतात दीड-दोन महिन्यांत बरी चालेल, तू यायची गरज नाही. एका दमात. ती गप्प. मग म्हणाली, 'ती बोलते का?' म्हटलं, बोलते, नर्सला शिव्या देते. तेव्हा हसली. दीर अजून म्हणतात की सांगायला नको होतं. असू दे.

पत्रं लिहा. खरंच. फोनवर सुचत नाही, पत्रात सुचतं, आणि ते तिला परत परत वाचता येतं. मी फार शिकलेली नाही, माझी पत्रं म्हणजे भाताला काय भाव मिळाला, मांजरीला पिल्लं किती, धाकट्याने गणितात काय दिवे लावले. 'देशाची मान उंच कर' वगैरे मी कधी लिहिलं नाही. ते तिला तिकडे रोज सांगतात.

नाव का नको, ते आता सांगते. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौदलाचे काही लोक पकडले गेले, त्यानंतर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले, फेसबुकही बंद. मुलं हे पाळतात. आपण पाळतो का? आमच्या नात्यातल्या एकाने 'आमची भाची अमुक जहाजावर, तमुक बंदरात' असं स्टेटस ठेवलं होतं. फोटोसकट. मी फोन करून काढायला लावलं. जहाज कुठे आहे हे मी तिला विचारतच नाही. ती सांगणारही नाही.

लग्नाचं. अग्निवीरला चार वर्षं लग्न करता येत नाही, भरती होतानाही अविवाहितच लागतो. मुलाच्या बाबतीत कोणी लक्ष देत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र एकोणिसावं लागलं की स्थळं सुरू. मला हा नियम फार आवडतो. कोणी विषय काढला की सांगते, सरकारचीच परवानगी नाही हो. पुढे बोलणंच खुंटतं.

चार वर्षांचं सगळे विचारतात. 'पंचवीस टक्केच कायम करणार, मग काय?' खरं आहे. फार तर पंचवीस टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पहिल्या वर्षी पगार ३० हजार, त्यातले ९ हजार सेवा निधीत, तेवढेच सरकार टाकतं, हातात २१ हजार. चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता मुलांना नाही. मी भाबडी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीला, आमच्यापासून तासाभरावर, तोफेच्या सरावात दोन अग्निवीर गेले. कुठून कुठून आलेली पोरं, वीस-एकवीस वर्षांची. त्या रात्री मी जेवले नाही. ताई नौदलात आहे, तोफखान्यात नाही, हे मला कळतं. तरीही.

आणि 'कंत्राटी नोकरी' म्हणून नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की गोंद्याच्या औद्योगिक वसाहतीत आपली किती पोरं कायम आहेत? योजना चांगली की वाईट, यावर माझं मत विचाराल तर चार वर्षं कमीच आहेत. पण ताईपुढे ती होती, दुसरी नव्हती. तिची मुदत नोव्हेंबर २०२७ ला संपते. ती इग्नूच्या पदवीचं बघतेय, अग्निवीरांसाठी आहे, त्यात कामाच्या प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरतात. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, पण तिला समुद्रच हवाय. बघू.

परेडला मार्च २०२४ ला आम्ही गेलो. सासूबाई नाही, त्यांना प्रवास झेपला नसता. एवढ्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींत मला माझी ओळखू येईना, धाकट्याने दाखवली. नंतर भेटली तेव्हा ताठ उभीच राहिली. म्हटलं, अगं बस ना. तर म्हणे, सवय गेली. तिने पप्पांना सरोवराकडे बोट दाखवून सांगितलं की हे खारं-गोडं मिसळलेलं पाणी आहे, समुद्राला मिळतं. ते म्हणाले, आपली दारणा बरी.

पैशाचं राहिलं. मुलीचा पगार सुरू झाला की घरातल्या सगळ्यांना आपापली कामं आठवतात. पत्रे बदलायचे, बोअर मारायचा. आम्ही ठरवलं, तिच्या पैशाला हात लावायचा नाही. चार वर्षांनी तिला तो लागणार आहे, आणि घराचा हप्ता त्यावर चालू केला तर २०२७ ला हप्ता थांबणार नाही, पगार थांबेल. पण तीही ऐकत नाही. मागच्या महिन्यात धाकट्याच्या क्लासची पूर्ण फी तिने परस्पर भरली. मी निम्मे पैसे तिच्या खात्यावर परत पाठवले. तिने ते पुन्हा मला पाठवले. सध्या माझ्याकडे आहेत, या रविवारी फोन आला की परत भांडणार आहोत.