पोस्टकार्डावरचे उत्तर



आपण ज्या गडहिंग्लजात जमलो आहोत, त्याच्या कडेने हिरण्यकेशी वाहते. तिचा उगम आंबोलीला. त्या उगमाच्या पाण्यात माशाची एक नवी जात सापडल्याचे संशोधकांनी २०२० साली जाहीर केले आणि नदीवरूनच तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे शास्त्रीय नाव दिले. पुढच्याच वर्षी शासनाने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. आपला ऊस जिचे पाणी पितो, त्या नदीचे नाव आता प्राणिशास्त्राच्या नोंदीत कायमचे गेले आहे. मूळ शोधनिबंध अर्थातच इंग्रजीत आहे. जगभरच्या अभ्यासकांनी तो तपासावा, यासाठी तसे होणे योग्यच. पण काठावरच्या माणसाला हा मासा कळावा, तो याच पाण्यात का टिकला आणि पाणी बिघडले तर त्याचे काय होईल हे समजावे, ही जबाबदारी कोणाची? वार्ताहराची, शिक्षकाची, की सरकारी माहिती खात्याची? माझे उत्तर स्पष्ट आहे. ती आधी संशोधकाची आहे. शोध लोकांना सांगणे हे संशोधन संपल्यावर सवडीने करायचे पुण्यकर्म नव्हे. तो संशोधनाचाच शेवटचा टप्पा आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने ठेवला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा; कितीतरी दशकांतले मराठी विज्ञानलेखन त्यांच्याभोवती फिरले आहे. २० मे २०२५ रोजी ते गेले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून नाव झालेला हा शास्त्रज्ञ १९७२ साली भारतात परतला आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्याने टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. नाव पाहून नव्हे, कथा वाचून निवड व्हावी, हा त्यामागचा हेतू. पुढे पुण्यात १९८८ साली आयुका या खगोलविज्ञान संस्थेची स्थापना झाली आणि संस्थापक संचालक या नात्याने त्यांनी दर महिन्याचा दुसरा शनिवार शाळकरी मुलांच्या व्याख्यानांना दिला.

मला मात्र या सगळ्याहून मोठे वाटते ते त्यांचे पोस्टकार्ड. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर माझ्या सहीनिशी येईल. मुलाला सही हवी असेल तर आधी प्रश्न शोधावा लागे. आणि उत्तर देणाऱ्याला कार्डाच्या अर्ध्या भागात, एकही समीकरण न वापरता, बारा वर्षांच्या वाचकासाठी चार-सहा ओळी लिहाव्या लागत. हे काम सोपे आहे असे ज्याला वाटते, त्याने आपल्या प्रबंधाचा गाभा तेवढ्या जागेत मांडून पाहावा. विषय कुठे नीट उमगलेला नाही, ते तिसऱ्या ओळीलाच कळते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. मुलांना पत्रे लिहीत बसलो तर प्रयोगशाळा कोणी सांभाळायची? पण नारळीकरांचीच नोंद पाहा. हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर विश्वरचनेचे पर्यायी प्रतिमान त्यांनी १९९३ साली मांडले आणि त्याच सुमारास दूरदर्शनसाठी ‘ब्रह्मांड’ ही मालिकाही केली. एका कामाने दुसरे अडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोपे करताना खोटे होते, आणि अनिर्णीत गोष्टी लोकांपुढे नेल्या तर गोंधळ माजतो. सोपे आणि ढोबळ यांत फरक आहे, तो जपला पाहिजे, हे मान्यच. पण लोकांपासून पद्धत लपवली तर त्यांच्या हाती फक्त निष्कर्ष उरतो, आणि निष्कर्ष तर बुवाही देतो. २००८ साली नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा करून मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आले असते. या प्रयोगात असे काय आहे, जे गडहिंग्लजच्या आठवडी बाजारात समजावता येणार नाही? आणि सोपे केल्याने त्यातले कोणते सत्य बिघडते? अनिर्णीताचे म्हणाल, तर महास्फोटाचा सिद्धान्त बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारल्यावरही नारळीकर त्यावर उघडपणे शंका घेत राहिले. त्यांचे म्हणणे मान्य नसलेल्या वाचकालाही मतभेद पुराव्याने कसा मांडतात, हे त्यातून शिकता आले.

मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार मी फार वेळ ऐकून घेणार नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून आहे, वाईला विश्वकोश उभा राहिला, आणि ‘कृष्णविवर’ हा शब्द आज दहावीचा विद्यार्थी न अडखळता वापरतो. शब्द वापरल्याने रुळतात.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. आपल्या भागातली माती, ऊस, मिरची, नदी यांवर इथल्या महाविद्यालयांत जे काम होते, त्या प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत एक पान लिहा. ज्या शेतातून मातीचा नमुना उचलला, त्या शेतकऱ्याच्या हाती ते पान द्या, आणि त्याच गावच्या शाळेच्या फलकावर एक प्रत लावा. खाली आपला पत्ता लिहा. प्रश्न आला, तर आठ दिवसांत उत्तर पाठवा.